शक्तीचा विनियोग

अंगानें दुबळ्या माणसानें दांडगटापुढें काय करावें, हा प्रश्न जुनाच आहे. जपानांतील जिगोरो कानो यांस तो शाळेंतच पडला. सशक्त सोबती त्यांस छळीत, म्हणून १८७७ सालीं ते जुजुत्सु शिकूं लागले. पुढें १८८२ सालीं टोकियोंतील एका बौद्ध मंदिरांत, अवघ्या बारा चटयांच्या जागेंत, त्यांनीं ज्युदोची कोदोकान ही शाळा काढली. जिवावर बेतणारे प्रहार त्यांनीं ठराविक कवायतीपुरते ठेवून मोकळ्या झुंजींतून वगळले. यामुळें विद्या मवाळ होईल असें वाटावें. परंतु घडलें उलट. जीवघेणा डाव सोबत्यावर नुसता गिरवितां येतो. निर्धोक डाव मात्र खरोखर विरोध करणाऱ्या गड्यावर रोज कसून पाहतां येतो. आपल्या कुस्तीचेंही मर्म हेंच.

शक्तीचा उत्तम विनियोग हें कानो यांचें सूत्र. त्याच न्यायानें १९३२ सालीं लॉस एंजलिस येथील व्याख्यानांत त्यांनीं क्रोधास मनःशक्तीचा अपव्यय ठरविलें. यास्तव मुलास तालमींत घालणाऱ्या पालकांनीं दोन गोष्टी पाहाव्या: तेथें खरी झुंज होते काय, आणि रस्त्यांत अपशब्द कानीं पडतांही निमूटपणें पुढें जाण्याचें बळ मुलाच्या अंगीं येतें काय.