चीटची कारागिरी

व्हिडिओ गेमचे चीट सॉफ्टवेअर म्हणजे चालू गेमच्या मेमरीतील आकडे बाहेरून बदलणारा छोटा प्रोग्रॅम. उरलेल्या लाइफ, बंदुकीतील गोळ्या, शर्यतीची वेळ, खात्यातले पैसे हे सारे यंत्राच्या मेमरीत कुठे ना कुठे संख्येच्या रूपात नोंदलेले असते आणि त्या प्रत्येक जागेला पत्ता असतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक आणि त्यापुढे क्षेत्र असते, तसा येथे पत्ता आणि त्यापुढे आकडा. नेमका पत्ता हुडकून तेथे हवा तो आकडा लिहीत राहणे, एवढेच चीटचे काम.

ही विद्या आधी घरगुती संगणकांवर वाढली. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रममध्ये बेसिक भाषा यंत्रातच होती आणि तिच्यात ‘पोक’ ही आज्ञा होती. पत्ता आणि आकडा दिला की यंत्र तो तेथे लिहीत असे. १९८३च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये ३५१३६ या पत्त्यावर शून्य लिहिले की लाइफ एकने कमी करणारी सूचनाच निष्प्रभ होई. १९८४च्या ‘जेट सेट विली’चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या गेममध्ये असे दोष राहिले होते की तो शेवटपर्यंत खेळताच येत नव्हता. अखेर प्रकाशकांनाच दुरुस्तीचे पोक जाहीर करावे लागले. फसवणुकीचे समजले जाणारे साधन दुरुस्तीला वापरले गेले आणि ही दुहेरी ओळख चीटला शेवटपर्यंत चिकटून राहिली. महाराष्ट्राचा या टप्प्याशी थेट संबंध आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या संगणकाची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. तो ज्यांच्या घरी होता, त्यांना गेमच्या पोटात डोकावण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नव्हते. कीबोर्ड पुरेसा होता.

गेमच्या यंत्रांना मात्र कीबोर्ड नव्हता. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉममध्ये कॅसेट खोचायची आणि दोन रिमोटवर खेळायचे, एवढीच सोय होती. त्याची कामाची मेमरी अवघी २०४८ बाइटची. इतक्या थोड्या जागेत लाइफचा आकडा शोधणे कठीण नव्हते, पण आत हात घालायला वाट नव्हती. पहिली वाट गेम बनवणाऱ्यांनीच ठेवली. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रॅडियस’ हा गेम फॅमिकॉमसाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो पूर्ण खेळणे त्यांना फार अवघड जाई, म्हणून बटणे ठरावीक क्रमाने दाबताच सगळी शस्त्रे मिळतील अशी सोय त्यांनी केली. १९८६ साली गेम बाजारात आला तेव्हा ती आतच राहून गेली. वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे असा सुरू होणारा तोच क्रम पुढे ‘कॉन्ट्रा’मध्ये तीनऐवजी तीस लाइफ देणारा ठरला.

भारतात फॅमिकॉम पोहोचला तो मुख्यतः त्याच्या नकलांच्या रूपाने. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशी नावे असलेल्या या यंत्रांना सगळीकडे एकच नाव होते: टीव्ही गेम. सोबतच्या कॅसेटवर शेकडो, कधी हजारो गेम असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेच गेम यादीत पुन:पुन्हा येत. मात्र दर वेळी थोड्या फरकाने. एका ओळीवर ‘कॉन्ट्रा’ नेहमीसारखा, दुसऱ्यावर तीस लाइफसह, तिसऱ्यावर वेगळ्या बंदुकीसह, चौथ्यावर थेट पुढच्या लेव्हलपासून. कॅसेटची यादी दाखवणारा प्रोग्रॅम गेम सुरू करण्याआधी मेमरीत हवे ते आकडे भरून ठेवत असे. ही पायरसीच होती, यात शंका नाही. पण चीट सॉफ्टवेअरशी बहुतेक भारतीय मुलांची पहिली गाठ येथे पडली, हेही तितकेच खरे. ज्या यादीला भरताड म्हणून नावे ठेवली जातात, तिच्यातली कारागिरी नोंद घेण्यासारखी आहे.

भंडारा जिल्ह्यासारख्या भागात तीस लाइफचे मोल आणखी एका कारणाने समजते. या यंत्रांवरच्या बहुतेक गेममध्ये खेळ जतन करण्याची सोय नव्हती, वीज गेली की पहिल्या लेव्हलपासून सुरुवात. ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे सोसली आणि तुमसर, पवनी, साकोलीकडचा भागही त्याला अपवाद नव्हता. विजेची वेळ मोजकी, टीव्ही घरात एकच, त्यावर बातम्या आणि मालिकांचा हक्क आधी. उरलेल्या वेळात शेवटची लेव्हल बघायची तर तीन लाइफ पुरणाऱ्या नव्हत्या. अमेरिका-जपानमधल्या मुलांसाठी ठरवलेला अवघडपणा येथे जसाच्या तसा लागू व्हावा, असे काहीच कारण नव्हते.

पाश्चात्त्य देशांत याच काळात चीटचा धंदा उभा राहिला. ब्रिटनच्या कोडमास्टर्सने ‘गेम जीनी’ बनवले. यंत्र आणि कॅसेट यांच्यामध्ये ते बसे आणि कॅसेटकडून येणारा एखादा आकडा वाटेतच बदलून पुढे पाठवी. अमेरिकेत ते विकणाऱ्या गलूब कंपनीशी झालेला खटला निन्टेन्डो हरली. १९९२ साली अपील न्यायालयाने म्हटले की या जोडणीतून गेमवर आधारित नवी कृती तयार होत नाही. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनसाठी ‘ॲक्शन रिप्ले’ आणि ‘गेमशार्क’ ही उपकरणे आली. ती यंत्राच्या मागच्या पोर्टला जोडत. सोनीने नंतरच्या मॉडेलांतून ते पोर्टच काढून टाकले.

२००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वर चीट उपकरणाच्या जागी डिस्क आली आणि येथूनच हौशी प्रोग्रॅमरांचे पर्व सुरू होते. या यंत्राची मेमरी ३२ मेगाबाइटची, म्हणजे ३ कोटी ३५ लाखांहून अधिक बाइट. इतक्या गर्दीतून एक पत्ता शोधण्याची रीत सुंदर आहे. लाइफ तीन असताना जिथे जिथे ३ आहे त्या सगळ्या जागा टिपायच्या. एक लाइफ मुद्दाम घालवायची. आता टिपलेल्यांपैकी २ कुठे झाले ते पाहायचे. असे चार-पाच वेळा केले की मूठभर पत्ते उरतात. मग एकेक बदलून पाहायचा. तयार कोड आठ-आठ आकड्यांच्या दोन गटांत लिहिला जाई. पहिल्या गटातला पहिला आकडा कामाचा प्रकार सांगे, उरलेले सात पत्ता, आणि दुसरा गट म्हणजे लिहायची किंमत. त्याखेरीज ‘मास्टर कोड’ लागे. गेममध्ये सतत चालणारी एखादी जागा पकडून तो चीटला आपले काम करण्याची संधी मिळवून देई.

चीट विकणाऱ्या कंपन्या आपले कोड कुलूपबंद करून देत. हौशी मंडळींनी ती कुलुपे उकलली, एका कंपनीचे कोड दुसरीच्या स्वरूपात बदलणारे प्रोग्रॅम लिहिले आणि मग चीटचे इंजिनच स्वतः घडवले. त्यासाठी आधी यंत्रावर स्वतःचा प्रोग्रॅम चालवता यायला हवा होता. २००३ साली मेमरी कार्डावरील एका फाइलच्या वाचनातला दोष सापडला आणि त्यातून वाट निघाली. २००८च्या ‘फ्री मॅकबूट’ने तर ८ मेगाबाइटच्या मेमरी कार्डावरूनच यंत्र सुरू करून दाखवले, सोनीला शेवटच्या मॉडेलांत हा मार्ग बंद करावा लागला. ‘पीएस२आरडी’ हे मुक्त-स्रोत चीट इंजिन याच परंपरेतले. त्याचा गाभा पुढे ‘ओपन पीएस२ लोडर’मध्ये सामावला गेला, आणि चीटची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कोणालाही वाचता येऊ लागली. जुने गेम रुंद टीव्हीवर नीट दिसावेत यासाठीचे कोडही याच रीतीने लिहिले जातात. हे कोड ‘जेट सेट विली’च्या पोकचे थेट वारस आहेत.

भारतात प्लेस्टेशन २ बराच काळ टिकला. संपूर्ण भारतात बनलेला त्याचा पहिला गेम, हैदराबादच्या ऑरोना कंपनीचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’, २००९ साली आला, तेव्हा जगात प्लेस्टेशन ३ येऊन दोन वर्षांहून अधिक काळ झाला होता. यंत्राचे उत्पादन थांबल्याचे सोनीने जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केले. ऑनलाइन गेममध्ये मात्र पैसे, गुण आणि शस्त्रे कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाऊ लागली. तेथे घरच्या यंत्राची मेमरी बदलून उपयोग नाही. शिवाय ऑनलाइन चीट समोरच्या खेळाडूवर अन्याय करते. एकट्याने खेळण्याच्या जुन्या गेममधल्या चीटला त्याच मापाने मोजणे बरोबर नाही.

प्रोग्रॅमची नक्कल आणि मेमरीतला बदल यांतला भेद कायद्यानेही हळूहळू मान्य केला. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या मिळवलेला प्रोग्रॅम कसा चालतो हे पाहण्याची, अभ्यासण्याची मुभा आहे. मात्र २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणे गुन्हा ठरवते. युरोपमध्ये सोनीने ‘ॲक्शन रिप्ले’ बनवणाऱ्या डेटेल कंपनीविरुद्ध प्लेस्टेशन पोर्टेबलवरील चीट सॉफ्टवेअरबद्दल लढवलेला दावा युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या न्यायालयाने स्पष्ट केले की प्रोग्रॅमला हात न लावता, त्याने चालताना मेमरीत ठेवलेले बदलते आकडे तेवढे बदलणे हा प्रोग्रॅमच्या कॉपीराइटचा भंग नाही.