‘पिंग’ : तारांमधील शांततेला विचारलेला प्रश्न

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या ‘अर्पानेट’ने आपली जुनी संदेशपद्धती सोडून टीसीपी/आयपी स्वीकारली. संदेशाचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, मिळेल त्या वाटेने जात. वाटेत हरवले तर पुन्हा पाठवले जात. पण पलीकडून काहीच उत्तर आले नाही, तर दोष कोणाचा? समोरचे यंत्र बंद, मधली तार सैल, की आपल्याच यंत्राची मांडणी चुकलेली? तिन्ही वेळा पडद्यावर शांतता सारखीच.

उपाय कागदावर होता. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिलेल्या आयसीएमपी नियमावलीत ‘प्रतिध्वनी’ची तरतूद होती : विशिष्ट पॅकेट आले की यंत्राने ते जसेच्या तसे परत धाडायचे. जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतील एका बैठकीत डेव्ह मिल्स यांनी याच पॅकेटच्या जाण्यायेण्याचा वेळ आपण मोजल्याचे सहज सांगितले. ते माइक मूस यांच्या लक्षात राहिले.

मूस मेरीलँडमधील अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करत. डिसेंबरमध्ये तेथील जाळे विचित्र वागू लागले. मूस यांनी घाईने आज्ञावली लिहिली, पण ती चालेना. असे पॅकेट पाठवण्याची सोय युनिक्सच्या गाभ्यातच नव्हती. चिडून त्यांनी गाभ्यातही भर घातली. उजाडण्यापूर्वी सारे सिद्ध झाले, आणि तोवर एका सहकाऱ्याने बिघडलेले यंत्र दुरुस्तही केले होते! ज्या दोषासाठी ‘पिंग’ जन्मली, तो तिने शोधलाच नाही.

हे नाव पाणबुडीच्या सोनारच्या ध्वनीवरून घेतले. लांबलचक इंग्रजी नावाचे ते संक्षिप्त रूप असल्याचे आजही सांगितले जाते. मूस यांना ते मान्य नव्हते.

आज्ञा साधी : ‘पिंग’ आणि पुढे यंत्राचा पत्ता. प्रत्येक पॅकेटला क्रमांक, प्रत्येक उत्तराला मिलिसेकंद. आधी स्वतःचे यंत्र, मग जवळचा राउटर, मग दूरचा पत्ता, असे विचारत गेले की उत्तर कुठे थांबते ते कळते. ही आज्ञावली सार्वजनिक मालकीची ठेवल्याने ती मुक्तपणे पसरली. मूस यांना सर्वांत आवडलेला किस्सा एका व्यवस्थापकाचा आहे. त्याने पिंगचे प्रत्येक उत्तर ध्वनिवर्धकावर मोठ्याने ‘पिंग’ असे बोलायला लावले आणि इमारतभर फिरत तो एकेक जोडणी हलवू लागला. आवाज बंद पडला तिथे दोष सापडला.

वाट नेमकी कुठे तुटली, हे मात्र पिंग सांगत नसे. ती उणीव ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसरूट’ने भरून काढली. तिची युक्ती मजेदार आहे. पॅकेटला मुद्दाम अल्पायुषी करायचे : पहिले पहिल्याच राउटरवर मरते, दुसरे दुसऱ्यावर, आणि मृत्यूची वर्दी धाडताना प्रत्येक राउटर आपला पत्ता उघड करतो.

आज अनेक यंत्रांना सुरक्षेसाठी पिंगला उत्तर न देण्याची ताकीद असते. त्यामुळे पडद्यावरील शांततेचा अर्थ पुन्हा एकच उरलेला नाही.