एका रेघेची गोष्ट

रक्तदान करून, चहा-बिस्किटं घेऊन आपण घरी येतो. आपल्या रक्ताची पिशवी मात्र लगेच कुणाला दिली जात नाही. आधी तिच्या चाचण्या होतात. त्यातली एक ‘ब’ प्रकारच्या काविळीची. त्या विषाणूच्या आवरणातलं एक प्रथिन रक्तात आहे का, हे ती पाहते. हे प्रथिन सापडलं, तेव्हा शोध मात्र वेगळ्याच गोष्टीचा चालला होता.

१९६३ साल. अमेरिकेतले डॉ. बरूच ब्लुमबर्ग माणसामाणसांतले आनुवंशिक फरक रक्तातल्या प्रथिनांत शोधत होते. देशोदेशीचे रक्ताचे नमुने त्यांनी जमवले होते. ज्यांना वारंवार दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं, त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. म्हणून हिमोफिलियाच्या एका रुग्णाच्या रक्तातला द्रव त्यांनी आणि डॉ. हार्वे ऑल्टर यांनी अगरच्या थरावर २४ नमुन्यांसमोर ठेवला. एकाच नमुन्यासमोर पांढरी रेघ उमटली. तो नमुना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीचा होता. प्रथिनाचं नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’.

हे प्रथिन जन्मजात असावं, असा सुरुवातीचा कयास होता. पण १९६६ साली फिलाडेल्फियात एका रुग्णाच्या रक्तात ते नव्यानं दिसलं. आधीच्या तपासणीत ते नव्हतं. जन्मजात गोष्ट अशी मधेच कुठून येणार? तपासलं तर त्याच्या यकृताला सूज होती. पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंना बरं वाटेनासं झालं. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं. रेघ उमटली आणि मागोमाग कावीळही झाली. धागा जुळला.

१९७०च्या दशकात रक्तपेढ्या या प्रथिनाची तपासणी करू लागल्या आणि रक्तातून येणारी ही कावीळ कमी झाली. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ज्या प्रथिनानं रोग ओळखला, त्याच प्रथिनापासून लसही झाली. १९८१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आज ती आपल्याकडे तान्ह्या बाळांना देतात.

पण चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या माणसाचं ताट-वाटी आजही कुठे कुठे वेगळी ठेवली जाते. हा विषाणू एका पंगतीत जेवल्यानं पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. अशा माणसाला डॉक्टरांचा सल्ला हवा, घरच्यांना लस हवी. ती रेघ रक्ताची पारख करण्यासाठी आहे; माणसामाणसांत ओढण्यासाठी नाही.

त्या प्रथिनाच्या नावात एक देश आला, ज्याचं रक्त होतं तो माणूस आला नाही. तरीही कुठल्याशा इस्पितळात सुरक्षित रक्ताची पिशवी लागते, तेव्हा त्या अनामिकाचे उपकार आपल्यापर्यंत पोहोचतात.