घाट चढून जाण्याचा बंदोबस्त

वेंगुर्ल्याचा इतिहास लिहिणारे बहुधा समुद्राकडे तोंड करून बसतात, आणि वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, वखारीपासून आगबोटींपर्यंतचा जो वृत्तान्त ते देतात तो खराही असतो. परंतु ज्याच्यामुळे या बंदराचे भाग्य उदयास आले आणि ज्याची मक्तेदारी मोडल्यावर ते मावळले, तो सह्याद्रीचा घाट त्यांच्या पाठीमागेच राहून जातो. बंदरात उतरलेल्या मालास आणि माणसास देशावर जावयाचे असेल, तर सावंतवाडीच्या मुलखातून दोन हजारांहून अधिक फुटांचा चढ चढणे प्राप्त होते. आज गिरिभ्रमणाची मोहीम आखताना ऋतू, ओझे, मुक्काम आणि वाटाड्या यांचा जो विचार करतात, तो सारा या भागात मिठाच्या आणि वेलदोड्याच्या व्यापारासाठी पिढ्यान् पिढ्या होत आलेला होता.

१६३७ च्या सुमारास, हा मुलूख आदिलशाहीच्या अमलाखाली असताना, वलंदेजांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याच्या फिरंग्यांची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना येथे पाणी, तांदूळ आणि शिधासामग्री मिळावी हा त्यांचा मुख्य हेतू होता. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४८ मध्ये येथे आला. त्याने आपल्या प्रवासवृत्तात या गावाच्या उत्तम पाण्याची व तांदळाची वाखाणणी केली आहे, आणि त्याबरोबरच येथील वेलदोड्याच्या व्यापाराचीही नोंद घेतली आहे. वेलदोडा खाऱ्या वाऱ्यावर पिकत नाही. तो घाटाकडच्या दमट, सावलीच्या रानातून खाली यावयाचा. त्या वखारीच्या जांभ्या दगडाच्या भिंती आज छपरावाचून उभ्या आहेत आणि चिऱ्यांच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरली आहेत. त्या भिंतींकडे पाहताना जहाजांची आठवण सर्वांस होते; वेलदोड्याची गोणी पाठीवर घेऊन घाट उतरणाऱ्याची क्वचितच कोणास होते.

घाटाच्या प्रवासाचा पहिला नियम ऋतूचा होता. ज्येष्ठात बंदर बंद होई, ते नारळी पौर्णिमेपर्यंत खुले होत नसे; आणि घाटाची वाटही त्याच सुमारास मिटे, कारण आंबोलीच्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी सात मीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्या दिवसांत ओहोळ कोणता व पायवाट कोणती हे ओळखू येत नाही. दिवाळीनंतर वाट सुकली की वंजाऱ्यांचे तांडे चालू लागत. दोन्ही बाजूंस गोण्या लादलेला बैल, सर्वांच्या पुढे घंटा बांधलेला म्होरक्या, आणि मागे कुटुंबकबिल्यासह सारा संसार, अशी ती चाल असे. वर जाताना शिरोड्याच्या मिठागरांतील मीठ, नारळ, सुपारी, सोले आणि सुकी मासळी, व खाली येताना धान्य, कापूस, गूळ आणि तंबाखू, असा हा विनिमय होता. बैलाचे ओझे दोहों अंगांस समतोल नसेल तर चढणीवर गोणी एकीकडे सरकते आणि जनावर कड्याकडे झुकते. म्हणून पायथ्याच्या मुक्कामी प्रत्येक बंद सोडून पुन्हा आवळीत. उन्हाचा ताप चुकविण्यासाठी उत्तररात्रीच निघावयाचे, हाती झावळ्यांची पेटती चूड घ्यावयाची, आणि उजाडेतो अवघड चढण मागे टाकावयाची, ही रीत अनुभवाने सिद्ध झालेली होती.

परंतु या सर्व बंदोबस्ताचा कणा होता वाटाड्या, आणि त्याच्याविषयी बोलताना मन खिन्न होते. गावी आलेल्या वाटसरूस किंवा सरकारी कामगारास आपल्या शिवेपासून पुढील गावच्या शिवेपर्यंत पोहोचविणे, त्याचे सामान वाहणे, त्यास वाट दाखविणे, हे काम वेसकराचे, म्हणजे महार वतनदाराचे, मानले जाई. आणि वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात रात्री-अपरात्री, स्वतःच्या घरी पेरणी असो वा आजारपण असो, बोलावणे येताच त्याने उठून जावे अशी अपेक्षा असे. वेठ हा शब्द आपण आज सहज वापरतो. एकेकाळी तो कित्येकांच्या आयुष्याचा नित्यक्रम होता. याच जुलमाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. ही वतने कायद्याने रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. साहेबलोकांच्या रोजनिशांत मेण्याचे भाडे सापडते, मुक्कामाच्या बंगल्याची तक्रार सापडते. पुढे चालणाऱ्या माणसाचे नाव सहसा सापडत नाही. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरीबरोबर तेनसिंगाचे नाव जगाने घेतले, तेव्हा पर्वतांच्या इतिहासातील ही जुनी रीत प्रथमच ठळकपणे मोडली, असे मला वाटते.

वाटेच्या ज्ञानाचे मोल राज्यकर्त्यांना कळले ते संकटकाळी. १८४४ मध्ये मनोहर-मनसंतोष गडांवरील गडकऱ्यांनी बंड केले आणि पुढील वर्षाच्या आरंभी इंग्रजांच्या औट्रॅमसारख्या नामांकित सेनानीस त्या रानात उतरावे लागले. गड हाती आले. परंतु बंडवाल्यांपैकी कित्येक, या दऱ्यांची ओळख असल्यामुळे, गोव्याच्या हद्दीत निसटून गेले.

या बंडाच्या आधीच, १८१२ मध्ये, सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे आले आणि १८१८ नंतर बेळगावास छावणी पडली, तेव्हा या घाटमार्गास लष्करी महत्त्व प्राप्त झाले. आरंभी दोडामार्गाच्या बाजूचा रामघाट हाच मुख्य रस्ता होता. तो इतका उभा होता की गाडीवानांस तो नकोसा वाटे. पुढे पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोलीचा, घाट गाड्यांसाठी बांधण्यात आला, दाणोलीवरून चढणारी वळणे आखली गेली, आणि आंबोली हे मुक्कामाचे ठाणे कर्नल वेस्ट्रॉप यांच्या प्रयत्नाने थंड हवेचे ठिकाण झाले. पण ही भरभराट फार टिकली नाही. १८८७-८८ च्या सुमारास बेळगावास रेल्वे आली, मुरगावचे बंदर कॅसलरॉकमार्गे देशाशी जोडले गेले, आणि वेंगुर्ल्याचा माल हळूहळू तिकडे वळला.

तांडे गेले, तरी माणसे घाट चढतच आहेत. शिरशिंग्याहून मनोहरगडाकडे निघालेल्या मंडळींनी गावचा जाणता माणूस बरोबर घेतल्यावाचून पाऊल टाकू नये, एवढे ते रान आजही दाट आहे. आंबोलीचे तरुण पावसाळ्याच्या रात्री विजेरी घेऊन पाहुण्यांस बेडूक आणि साप दाखवितात. तेथील एका भेकाची शास्त्रीय नोंद २००९ मध्ये झाली, आणि हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळील कुंडात सापडलेल्या माशामुळे २०२१ मध्ये त्या जागेस जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. हे तरुण वेठीने येत नाहीत. आपला मोबदला ठरवून येतात आणि पाऊस फार झाला तर आज वाट बंद म्हणून सांगतात. मोहीम आखणाऱ्याने आपल्या टिपणात गाडीचे भाडे आणि शिधा यांच्या आधी त्यांचे नाव लिहावे, आणि परत आल्यावर जो वृत्तान्त छापील त्यातही ते ठेवावे.