हिंगोलीचे जुने पत्ते, नवे पत्ते

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ एप्रिलला, इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने पाच कंपन्यांची यादी जाहीर केली. डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग ही नावे तोवर अमेरिकेतील नेटवर्क सोल्युशन्स ही एकटी कंपनी विकत असे; आता या पाच जणांनाही ती विकता येणार होती. अशा नावाची, म्हणजे डोमेनची, नोंद एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय इथून सुरू होते. विकणारा एकच असेल, तर नाव नेणार कुठे?

या व्यवस्थेत मूळ नोंदवही एकाच संस्थेकडे असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. ग्राहकाचा अर्ज आणि पैसे घेऊन त्या वहीत नोंद करतो तो रजिस्ट्रार, आणि नाव ज्याच्या खाती लागते तो धारक. बदली होते ती रजिस्ट्रारची. धारक तोच राहतो, वहीही तीच राहते.

सुरुवातीच्या काळात कागद दाखवला की नोंद बदलत असे, आणि याचा फायदा उठवणारेही निघाले. १९९५ मध्ये अमेरिकेत स्टीफन कोहेन नावाच्या माणसाने बनावट पत्र पाठवून गॅरी क्रेमेन याचे सेक्स डॉट कॉम हे नाव स्वतःच्या खाती करून घेतले. क्रेमेनला ते पुढे न्यायालयातून परत मिळाले. शिवाय डोमेन ही मालमत्ताच आहे, असे तिथल्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केले. आज बदलीला जे अडसर दिसतात, ते अशा लबाडीच्या धास्तीतून आले आहेत. धारकाने आधी जुन्या रजिस्ट्रारकडे नावाचे कुलूप काढायचे, त्याच्याकडून गुप्त संकेतांक घ्यायचा आणि तो नव्या रजिस्ट्रारला द्यायचा. नवीन नोंदणी किंवा नुकतीच झालेली बदली असेल, तर साधारण ६० दिवस पुन्हा हलता येत नाही.

अडवणूक उलट बाजूनेही होत असे. ग्राहक सोडायचा नाही म्हणून जुने रजिस्ट्रार विनंतीला उत्तरच देत नसत. १२ नोव्हेंबर २००४ पासून लागू झालेल्या आयकॅनच्या धोरणाने हा मार्ग बंद केला: पाच दिवसांत सकारण हरकत आली नाही, तर बदली मंजूर. तलाठ्याकडचा फेरफारही असाच चालतो. नोटीस निघते, मुदतीत हरकत आली नाही की नोंद प्रमाणित होते. फरक इतकाच, की तिथे मालक बदलतो आणि इथे फक्त दप्तर सांभाळणारा.

भारतात डॉट इन १९८९ मध्ये आले. नोंदणी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होई आणि नियम इतके जाचक होते, की २००४ अखेर साऱ्या देशात जेमतेम काही हजार नावे होती. २००५ च्या प्रारंभी निक्सी या संस्थेने दार मोकळे केले आणि खाजगी रजिस्ट्रार आले. वहीची तांत्रिक देखभाल आधी अफिलिआस, २०१९ मध्ये न्यूस्टार, पुढे गोडॅडी आणि २०२५ मध्ये टूकाउज अशी हातोहात गेली. लाखो नावे एका यंत्रणेतून दुसरीत गेली, तरी बहुतेक धारकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

हिंगोली जिल्हा प्रशासनाची गोष्ट वेगळी. त्याचे संकेतस्थळ पूर्वी हिंगोली डॉट एनआयसी डॉट इन या पत्त्यावर होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नावाखालचे हे पोटनाव. ते दुसऱ्या कुणाकडे नेताच येत नाही. २०१८ च्या सुमारास देशभरातली जिल्हा संकेतस्थळे याच केंद्राच्या एसथ्रीवास या मंचावर जाऊ लागली आणि पुढे पत्ता हिंगोली डॉट गव्ह डॉट इन असा झाला. पुरवठादार तोच राहिला, नाव मात्र बदलले. गव्ह डॉट इनची नोंदणी फक्त हेच केंद्र करते, त्यामुळे तिथे रजिस्ट्रार बदलण्याचा प्रश्नच नाही. आजही त्या पानावरच्या एखाद्या चित्राचा पत्ता तपासला, तर तो बहुधा सीडीएन डॉट एसथ्रीवास डॉट गव्ह डॉट इनपासून सुरू होतो: दारावर पाटी जिल्ह्याची, कोठार साऱ्या देशाचे.

खाजगी दुकाने, शाळा आणि संस्था यांच्याकडे अडचण निराळी असते. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने नाव स्वतःच्याच खाती घेतलेले असले, तर कुलूप आणि संकेतांक दोन्ही त्याच्या हातात. म्हणून बदलीआधी नोंदीत धारक कोण आहे, हे पाहावे लागते. नाव हलले म्हणून संकेतस्थळ हलत नाही, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते कोणत्या सर्व्हरवर आहे आणि ईमेल कुठे जायचे, हे नेमसर्व्हरच्या नोंदी सांगतात. जुन्या पुरवठादाराने त्या बंद केल्या आणि नव्याकडे त्या आधीच भरलेल्या नसल्या, तर पान दिसेनासे होते आणि टपालही अडते.

याच क्षेत्रातली ताजी सक्ती रिझर्व्ह बँकेची. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितले; हेतू खोट्या बँक-संकेतस्थळांना आळा घालण्याचा. नोंदणीचा एकमेव अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून बाहेर पडलेल्या मराठवाड्यातल्या बँकांना पाटीसाठी पुन्हा त्याच शहराकडे पाहावे लागले, हा योगायोगच. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही हा नियम लागू आहे. परभणीची अशी बँक हिंगोलीलाही सेवा देते, जिल्हे दोन झाले तरी. इथेही बदली रजिस्ट्रारची नाही, नावाचीच. नवा पत्ता रुळेपर्यंत ग्राहक जुन्यावरून आपोआप तिकडे पोहोचावा लागतो, आणि त्या जुन्या नावाची वार्षिक फी पुढेही भरत राहावी लागते. ती चुकली, की मुदत संपलेले नाव पुन्हा विक्रीला येते आणि बँकेच्याच जुन्या पाटीखाली दुसरा कुणी दुकान मांडू शकतो.