जुन्या इंजिनातील नवी ठिणगी

जुन्या मोटारसायकलींचा नाद लागलेली मंडळी बंगळूरमध्ये थोडीथोडकी नाहीत. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्यांतही ती आहेत. दुपारच्या सुट्टीत बुलेट, येझदी, राजदूत यांच्या प्रकृतीच्या गोष्टी निघाल्या म्हणजे एक प्रश्न हटकून पुढे येतो: इरिडियमचा महाग प्लग बसविला तर जुन्या इंजिनाला नवे बळ येते काय? दुकानदार येते म्हणतो. जुना मिस्त्री नुसता हसतो. साध्या प्लगच्या कित्येक पट किंमत मोजावयाची असल्यामुळे पगारदार माणसाला हा प्रश्न अगदीच पोरकट वाटत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर प्लगच्या इतिहासात सापडते. प्लगमधील बहुतेक प्रत्येक सुधारणा इंजिनाच्या किंवा इंधनाच्या कोणत्या तरी नव्या गरजेपोटी झाली आहे. इंजिन तेच ठेवून प्लगने आपण होऊन त्याला बळ दिले, असे क्वचितच घडले.

मुळात बळ असते ते पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणात. प्लग ते योग्य क्षणी पेटवितो, एवढेच त्याचे काम. चुलीत लाकडे तेवढीच असतील तर काडी चंदनाची घेतल्याने भात लवकर शिजत नाही. मात्र काडी ओली असेल तर चूलच पेटत नाही, हेही तितकेच खरे.

ही काडी कशी असावी, यावर प्रारंभी फार खटपट झाली. 1860 मध्ये पॅरिसला लन्वार याने गॅसवर चालणारे जे इंजिन केले, त्यात विजेची ठिणगी वापरली होती. तथापि वीज त्या काळी भरवशाची नव्हती. म्हणून 1885 मध्ये डाइम्लर आणि माय्‌बाख यांनी पहिली पेट्रोलवर धावणारी दुचाकी तयार केली, तेव्हा त्यांनी ठिणगीचा नाद सोडून तप्त नळीचा आश्रय घेतला. इंजिनात उघडणारी ही नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवीत ठेवावयाची आणि दाबले गेलेले मिश्रण तिच्यात शिरून पेटावयाचे. लाकडी सांगाड्याच्या त्या गाडीवर बैठकीखाली पेटती ज्योत घेऊन बसणाऱ्याच्या धैर्याचे आम्हांस आजही कौतुक वाटते! परंतु नळी कोणत्या क्षणी पेटवील यावर फारसा ताबा नसे आणि त्यामुळे इंजिनाचा वेग वाढविता येत नसे. वेगासाठी ठिणगीकडेच परतणे भाग होते. 1902 मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला, आणि बॅटरीवाचून हजारो व्होल्टची ठिणगी चालत्या इंजिनातूनच मिळू लागली.

येथून पुढे खरी अडचण विजेची राहिली नाही. ती मधल्या तारेभोवतीच्या रोधकाची झाली. चिनी माती वीज अडविते, पण एकदम तापली की तडकते. इंजिने अधिक तापू लागली तसे इंग्लंडमध्ये केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूने अभ्रकाच्या चकत्यांचे प्लग केले. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते केएलजी म्हणून ओळखले गेले आणि पहिल्या महायुद्धात विमानांतही वापरले गेले. अभ्रक म्हटले की आपल्याकडील कोडरमा आणि हजारीबाग डोळ्यांसमोर येतात. त्या काळी जगाच्या बाजारातील पातळ पापुद्र्यांच्या अभ्रकाचा मोठा हिस्सा हिंदुस्थानातून जाई. डोंगरातून तो काढणारे आणि सुरीने सोलणारे हात मात्र कोणाच्या लेखी नाहीत.

अभ्रकाचे राज्यही टिकले नाही. अमेरिकेत 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती सापडली. त्यामुळे इंजिनाची ठोक थांबली आणि मिश्रण अधिक दाबता येऊ लागले. पण जळलेल्या शिशाचे क्षार प्लगच्या रोधकावर साचत, आणि तापले की त्यांतून वीज गळे. अभ्रकाला ते मानवेना. 1930 नंतरच्या दशकात जर्मनीत सीमेन्सने भाजून घट्ट केलेल्या ॲल्युमिनाचा रोधक आणला. आज आपण जो पांढराशुभ्र प्लग हातात घेतो, त्याचा पांढरेपणा तो हाच.

या सर्व सुधारणांत जुन्या गाडीच्या मालकाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे प्लगची उष्णता-श्रेणी. प्लगचे टोक सुमारे साडेचारशे ते पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापले नाही, तर त्यावर बसणारी काजळी आणि तेल जळून जात नाही आणि प्लग शॉर्ट होतो. उलट ते नऊशेच्या आसपास गेले तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोकसुद्धा पडू शकते. रोधकाचे आतील नाक लांब असेल तर उष्णता हळू निघून जाते. असा प्लग गरम. नाक आखूड असेल तर ती झटकन डोक्यात उतरते. असा प्लग थंड. बॉशने 1927 मध्ये ही श्रेणी आकड्यांत मांडली.

आपल्याकडे हे आकडे घरोघर पोहोचले ते मायकोमुळे. बॉशच्या सहकार्याने 1951 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा आमच्या बंगळुरातील आडुगोडीचा कारखाना हा येथील जुना परिचित. 2008 मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. मद्रासची एन्फील्ड इंडिया 1955 ची, म्हैसूरची आयडियल जावा त्यानंतरच्या पाचसहा वर्षांतली. येझदी आणि राजदूत या दोन स्ट्रोकच्या गाड्या. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, आणि ‘प्लगमध्ये कचरा आला’ हे त्या पिढीचे नित्याचे वाक्य. डिकीत प्लगपाना आणि एक जादा प्लग ठेवल्यावाचून कोणी गावाबाहेर पडत नसे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. बॉशच्या जुन्या पद्धतीत 145, 175, 225 असे आकडे असत आणि आकडा मोठा तितका प्लग थंड. पुढे पद्धत बदलली: 175 चा 7 झाला, 225 चा 5 झाला, म्हणजे आकडा मोठा तितका प्लग गरम. जपानी एनजीकेचे मात्र आजही मोठ्या आकड्याला थंड असेच आहे. जुने पुस्तक, नवा डबा आणि परका छाप अशा तिघांच्या मध्ये सापडलेला मालक ‘एक नंबर वरचा द्या’ म्हणतो, आणि त्याला नेमके उलटे मिळते. महाग प्लगने इंजिन बिघडल्याच्या पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी धातू नसून हा आकडा असावा, असे आमचे मत आहे.

आता इरिडियम. निकेल सुमारे 1455 अंशांना वितळते, प्लॅटिनम 1768 ला, इरिडियम 2446 ला. म्हणून साध्या प्लगची अडीच मिलिमीटर जाडीची मधली तार इरिडियममध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणता आली. बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडते आणि तिच्या ज्योतीची उष्णता धातू कमी शोषतो. ज्या बुलेटची सहा व्होल्टची बॅटरी म्हातारी झाली आहे, कॉइल थकली आहे, तिला थंडीच्या सकाळी दोन किका कमी माराव्या लागतील, हा लाभ खरा आहे. चुकणाऱ्या ठिणग्या चुकेनाशा झाल्या तर हरवलेले बळ परतही येते. परंतु निरोगी इंजिनात साधा, योग्य श्रेणीचा प्लग एकही ठिणगी चुकवीत नसेल, तर तेथे मिळवावयाचे उरते काय? 346 घनसेंटिमीटरच्या आणि अठरा अश्वशक्तीच्या बुलेटची एकोणीस अश्वशक्ती प्लग करू शकत नाही. शिवाय जुन्या सवयीने तारेचा ब्रश घेऊन इरिडियमचे ते नाजूक टोक घासले, तर पैसे पाण्यात.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. बुलेटचा प्लग एका बाजूस असल्यामुळे ज्वाळेला सत्तर मिलिमीटर व्यासाचा जवळजवळ सारा पट ओलांडावा लागतो. समोर दुसरा प्लग बसविला तर ही वाट निम्मी होते. पुण्याच्या बजाजने 2003 मध्ये पल्सरमध्ये दोन प्लग घातले ते याच तत्त्वावर. पण तेथे डोके, ठिणगीची वेळ, सारेच त्या हिशेबाने आखलेले होते. जुन्या डोक्याला दुसरे भोक पाडावयाचे तर जाणता कारागीर हवा, आणि ठिणगीची वेळही मागे घ्यावी लागते. हा नुसता प्लग बदलण्याचा प्रकार नव्हे.

आणि इंधनाचा फेरा पुन्हा आलाच आहे. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 साली बंद झाली. 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉल आपल्याबरोबर ऑक्सिजन आणते. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ होते आणि बिस्किटी रंगाचे प्लगचे नाक पांढुरके दिसू लागते. अशा वेळी दुकानदार नवा प्लग पुढे करील. त्याआधी कार्बोरेटरचा मोठा जेट एका नंबराने वाढवावा, प्लगची फट जुन्या पुस्तकात दिल्याप्रमाणे गेजने मोजून घ्यावी, पाचसहा मैल गाडी पळवून ती एकदम बंद करावी आणि मग प्लग काढून त्याचा रंग पाहावा. रविवारच्या सकाळी चहा होईपर्यंत एवढे काम सहज उरकते.