शून्य कुठे गेलं?

आठवी ‘ब’मध्ये बाईंनी फळ्यावर क्ष² = क्ष हे समीकरण लिहिलं होतं. मी घाईघाईने दोन्ही बाजूंना क्षने भागलं आणि क्ष = १ असं उत्तर काढलं. “आणि शून्य कुठे गेलं?” बाईंनी विचारलं. गेला अर्धा गुण! पुढे इंजिनीअरिंगला बूलियन बीजगणित घोकलं, पासही झाले. पण त्याच्या मुळाशी आपलं तेच समीकरण आहे हे कळलं ते नोकरीत मुरल्यावर, जॉर्ज बूलबद्दल वाचताना.

बूल १८१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी जन्मला. वडील जोडे बनवत. विद्यापीठाची पदवी नाही. एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. १८४९मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला तो प्राध्यापक झाला आणि १८५४मध्ये त्याचा विचारांच्या नियमांवरचा मोठा ग्रंथ आला.

त्याच्या लेखी क्ष म्हणजे आकडा नव्हे, निवड. समजा, क्ष म्हणजे पांढऱ्या वस्तू निवडणं. पांढऱ्यांतून पुन्हा पांढऱ्या निवडल्या तरी हाती त्याच उरतात. म्हणून क्ष² = क्ष. आकड्यांत हे फक्त शून्य आणि एकालाच जमतं. बूलने शून्याला ‘काहीच नाही’ आणि एकाला ‘सगळं’ असा अर्थ दिला. मग क्ष(१ − क्ष) = ०, म्हणजे एकच वस्तू पांढरी आहे आणि नाही, असं होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने तर्काचा पाया मानलेलं तत्त्व आठवीच्या समीकरणातून निघालं की!

मात्र आज ‘बूलियन’ म्हणतात ते सगळं बूलचं नाही. क्ष + क्ष = क्ष हे त्याला कधीच पटलं नाही; त्याची बेरीज एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांचीच. विल्यम जेव्हन्सने पत्रांतून परोपरीने समजावलं, पण बूल बधला नाही. १८६४मध्ये पावसात भिजल्यावर तसंच वर्गात शिकवून तो आजारी पडला आणि वारला. जेव्हन्सचा नियम टिकला. आमच्या प्रोग्रॅममधला ‘ऑर’ त्यावरच चालतो. १९३७मध्ये क्लॉड शॅननने प्रबंधात हे बीजगणित रिले-स्विचच्या सर्किटांना लावून दाखवलं.

गेल्या वर्षी माझ्याच कोडमध्ये एक चूक सापडली. यादी रिकामी आली तर काय, हे मी तपासलंच नव्हतं. मेळाव्याला बाई येणार आहेत म्हणे. त्यांना सांगायचंय.